अंगावर येणारे जनावर आणि तीन सेकंद

कॅडेट मित्रांनो, आधी एक हिशेब करू. आफ्रिकेतला रानरेडा ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेगाने धावतो, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. तो ४० मीटरवरून चाल करून आला तर तुमच्याकडे तीन सेकंदही नसतात. थोड्या अंतरासाठी सिंहाचा वेग ताशी ८० किलोमीटरपर्यंत जातो. तेच अंतर तो दोन सेकंदांच्या आत कापतो. बंदूक खांद्याला लावणे, नेम धरणे, गोळी झाडणे आणि बोल्ट ओढून दुसरी गोळी भरणे, हे सगळे एवढ्यात बसवायचे असते.

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे हौसेची शिकार बंद झाली आणि ते योग्यच झाले असे मी मानतो. पण झिंबाब्वे, टांझानिया, नामिबिया, दक्षिण आफ्रिका या देशांत परवाना घेऊन आणि व्यावसायिक शिकाऱ्याच्या देखरेखीखाली शिकार आजही कायद्याने चालते. तिथे अंगावर आलेल्या जनावराला तोंड कसे देतात, हे शस्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे मला वाटते.

तुकडीची रचना

सर्वांत पुढे माग काढणारा असतो. त्याच्या हातात बहुधा शस्त्र नसते. त्याची नजर जमिनीवर, म्हणून त्याच्या मागच्या व्यावसायिक शिकाऱ्याची नजर सतत पुढच्या झाडीवर. त्यामागे पाहुणा शिकारी. हुकूम एकाचाच चालतो, व्यावसायिक शिकाऱ्याचा. पैसे पाहुण्याने मोजलेले असले तरी रानात तो हाताखालचा माणूस असतो. झिंबाब्वेत हा परवाना मिळवायला लेखी परीक्षा, जाणत्या शिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी, नेमबाजीची कसोटी आणि शेवटी रानातली प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते.

हूल की खरी चाल?

हत्ती पुष्कळदा नुसती हूल देतो. कान पसरलेले, डोके उंच, मोठा चीत्कार, पायांनी धूळ उडवणे, ही बहुतेक वेळा धमकी असते. कान मागे चिकटवून, सोंड आत वळवून, डोके खाली घालून तो मुकाट्याने आला, तर ती खरी चाल समजावी. तरीही हूल देता देता हत्ती खरोखर अंगावर येऊ शकतो, म्हणून खुणांवर भिस्त ठेवून कोणी बंदूक खाली करत नाही. अनेकदा जागेवर ठाम उभे राहून मोठ्याने ओरडल्याने हत्ती थांबतो आणि गोळी झाडावीच लागत नाही. जखमी रेड्याच्या बाबतीत मात्र अशी आशा धरू नये. तो निघाला की सहसा मागे फिरत नाही.

गोळी कुठे लागावी?

हृदयाला गोळी लागलेले जनावरही काही सेकंद धावू शकते. वर आपण पाहिले की तेवढे सेकंद माणसाला संपवायला पुरेसे आहेत. जागच्या जागी थांबवते ती मेंदूला किंवा मणक्याला लागलेली गोळी. रेडा नाक वर करून धावतो आणि अगदी शेवटी शिंगे मारायला डोके खाली घालतो. त्याच्या कपाळावर शिंगांच्या बुंध्यांचे कठीण कवच असते, म्हणून नेम त्याच्या खाली, नाकाच्या रेषेत धरतात. हत्तीची कवटी प्रचंड, पण आतून पोकळ कप्प्यांची. मेंदू बराच मागे, दोन्ही कानांच्या छिद्रांच्या मध्ये असतो. हत्ती जवळ येईल तशी गोळी खालून वर अधिक तिरकी जाते, म्हणून नेम खाली आणावा लागतो.

अशा शिकारीसाठी अनेक देशांत निदान ०.३७५ इंच व्यासाची रायफल लागते. परंतु मोठी रायफल चुकलेला नेम भरून काढत नाही. 'करामोजो' बेल या शिकाऱ्याने बहुसंख्य हत्ती त्याहून लहान काडतुसांनी मारले, कारण मेंदूची जागा त्याला नेमकी माहीत होती.

रांग मोडण्याची किंमत

पाहुण्याला दिलेल्या सूचना थोड्या असतात. पळू नका, कारण पळणाऱ्यामागे जनावर धावते. रांग सोडू नका. आपला माणूस रेषेत असताना गोळी झाडू नका.

यामागे अनुभव आहे. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांचे बंधू जॉर्ज ग्रे १९११ मध्ये पूर्व आफ्रिकेत घोड्यावरून सोबत्यांच्या पुढे जाऊन सिंहाच्या फार जवळ पोहोचले. सिंह उलटला. ग्रे यांनी घोड्यावरून उतरून गोळ्या झाडल्या, पण सिंह थांबला नाही. सोबती मदतीला धावले, तोवर तो त्यांच्यावर तुटून पडला होता. काही दिवसांनी नैरोबीत ग्रे यांचा मृत्यू झाला. ते धीट होते, नेमबाजही होते. त्यांच्या पाठीशी त्या क्षणी कोणाची बंदूक नव्हती, एवढेच. त्यांचे दुसरे बंधू चार्ल्स १९२८ मध्ये आफ्रिकेतच रेड्याच्या हल्ल्यात गेले.

खरी जबाबदारी पहिल्या गोळीची

बरेचसे जीवघेणे हल्ले जखमी जनावराचे असतात. म्हणून व्यावसायिक शिकारी पाहुण्याला घाईने गोळी झाडू देत नाही. वारा, अंतर, जनावराचा कोन आणि त्याच्या मागे दुसरे जनावर नाही ना, हे सगळे पाहून मगच होकार देतो. नेम हुकला आणि जनावर दाट झुडपात शिरले, तर त्याला तसेच तडफडत सोडता येत नाही. ते त्या प्राण्यावर अन्यायकारक, आणि त्या वाटेने उद्या लाकडे आणायला जाणाऱ्या गावकऱ्याच्या जिवावर बेतणारे. मग थोडा वेळ थांबून माग काढत आत जावेच लागते. जखमी रेडा कधी कधी वळून आपल्याच मागाच्या कडेला उभा राहतो. त्या वेळी सर्वांत पुढे असतो तो माग काढणारा, रिकाम्या हातांचा.

चांदमारीवर मी तुम्हाला 'घाई नको, हुकूम ऐका, नळीची दिशा सांभाळा' असे पुन्हा पुन्हा सांगतो, तेव्हा हा माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याने खाली मान घालून चालायचे ठरवले आहे, ते मागच्याच्या शिस्तीवर विसंबून.