मुखवटा उतरवल्यावर विमा विकायचा, तो कसा?

नव्वदच्या दशकात केबलवर कुस्तीचा तो अमेरिकन तमाशा पाहिलेल्यांना केन आठवत असेल. चेहरा झाकणारा मुखवटा, लाल-काळा पोशाख आणि नात्याने, म्हणजे कथानकापुरता, अंडरटेकर या दुसऱ्या पैलवानाचा भाऊ. ५ ऑक्टोबर १९९७ रोजी सेंट लुईसमध्ये तो पहिल्यांदा अवतरला, तेव्हा त्याने रिंगभोवतीच्या पिंजऱ्याचं दारच उखडलं. सुरुवातीला हे पात्र तोंडातून शब्द काढत नसे. मुखवट्यामागचा ग्लेन जेकब्स मात्र इंग्रजी साहित्याचा पदवीधर. पुढे त्याने पत्नीबरोबर टेनेसी राज्यात विमा एजन्सी चालवली आणि २०१८ मध्ये तो नॉक्स काउंटीचा महापौर झाला.

विक्रीची कमाई कुस्तीच्या तमाशातल्या या मंडळींना नवी नसते. हे पैलवान कुस्ती भरवणाऱ्या कंपनीचे पगारी नोकर नसतात, कंत्राटदार असतात. पेन्शन नाही, आरोग्य विमा ज्याचा त्याने बघायचा. नावाचे टी-शर्ट, बाहुल्या खपल्या की त्यातला वाटा मिळतो. छोट्या कंपन्यांत तर लढत संपली की घाम पुसत टेबलावर स्वतःचे फोटो विकायला बसावं लागतं. कमिशन म्हणजे काय, हे अशा माणसाला शिकवावं लागत नाही.

विमा विकायचा परवाना मात्र सगळ्यांसारखाच काढावा लागतो. अमेरिकेत विम्यावर राज्य सरकारचं नियंत्रण असतं, म्हणून परीक्षा आणि परवाना त्या त्या राज्याचा. घर-गाडीच्या विम्याचा वेगळा, आयुर्विम्याचा वेगळा. हप्त्यावर कमिशन मिळतं आणि बऱ्याच पॉलिसींच्या नूतनीकरणावरही थोडं मिळत राहतं. त्यामुळे पहिली वर्षं ओढाताणीची जातात. ग्राहक टिकले तर जम बसतो. टाळी त्याच क्षणी ऐकायची सवय असलेल्याला हे थांबणं जड जात असणार.

रिंगमधलं काय कामी येतं? सगळे म्हणतील, बोलणं. दोन मिनिटं माइक हातात घेऊन पुढच्या लढतीचं तिकीट काढायला लावणं ही विक्रीच आहे, यात वाद नाही. पण माझ्या मते त्याहून मोलाचं आहे ते ऐकणं. मुरलेला पैलवान प्रेक्षकांचा कानोसा घेत लढतो. गर्दी थंडावली की चाल बदलतो. विमा विकतानाही समोरचा ग्राहक जांभई देतोय की हप्त्याचा आकडा ऐकून दचकलाय, हे त्याला कळायला हवं.

नकाराचं गणित मात्र उलटं आहे. खलनायकाला शिव्या पडल्या म्हणजे त्याचं काम फत्ते. फोनवर ‘नको’ ऐकलं तर ते नकोच. अतिशयोक्तीही रिंगमध्येच सोडून यावी लागते. तिथे प्रतिस्पर्धी आतून भागीदार असतो, निकाल दोघांना ठाऊक असतो. ग्राहकाला संहिता दिलेली नसते. पॉलिसीत नसलेलं संरक्षण आहे म्हणून सांगितलं, तर परवाना जाऊ शकतो.

प्रसिद्धीने दार उघडतं, हे खरं. लोक भेटतात, फोटो काढतात आणि विमा शेजारच्या एजंटकडून घेतात. म्हणून मुलाखतीला जाताना बायोडेटात विजेतेपदाचे पट्टे फार मिरवू नयेत. ते कोणाच्या कमरेला बांधायचे हे लेखकांनी ठरवलेलं असतं. टी-शर्ट किती खपले, तो आकडा वर लिहावा. तो प्रेक्षकांनी खिशातून पैसे काढून ठरवलेला असतो.