'प्रायव्हसी' : एका शब्दाचा अर्थविचार

'प्रायव्हसी' हा शब्द आता इंग्रजी न शिकलेल्या घरांतही सर्रास ऐकू येतो. तथापि त्यास मराठीत नेमके काय म्हणावे, असे विचारल्यास सुशिक्षितही क्षणभर थबकतात. 'एकांत' म्हणावे, तर तो एकट्यादुकट्याचा. प्रायव्हसी मात्र भरल्या घरातील दहा माणसांसही मिळून असू शकते. 'खासगी' हा शब्द अधिक जवळचा. होळकरांच्या राज्यात 'दौलत' आणि 'खासगी' असे दोन विभाग निराळे असत. म्हणजे राज्याचे कोणते आणि घरचे कोणते, हा भेद आपल्या भाषेस परका नव्हता.

शब्दाचे मूळ लॅटिन. 'प्रिव्हातुस' म्हणजे सार्वजनिक पदावर नसलेला, साधा माणूस. त्याच्या मुळाशी वंचित करण्याचा अर्थ आहे. त्या उणेपणास पुढे हक्काची प्रतिष्ठा लाभली. 1890 साली वॉरन व ब्रँडाइस या दोघा अमेरिकन विधिज्ञांनी, छायाचित्रे आणि वृत्तपत्री कुचाळक्या यांस त्रासून, आपल्या वाटेस कोणी जाऊ नये एवढाच हक्क 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'त मांडला.

खरा घोटाळा होतो तो 'गोपनीयता' या शब्दाने. पोस्टकार्ड कोणीही वाचावे; पण बंद पाकीट दुसऱ्याने फोडू नये, असा संकेत आहे. पाकिटात कदाचित केवळ क्षेमकुशलच असेल, गुपित काहीच नसेल. तरी ते फोडणे गैरच. गुपित हे लपविण्यासाठी असते, प्रायव्हसी ही मर्यादा राखण्यासाठी. मंत्री पदाची व गोपनीयतेची शपथ घेतात, ती राज्याची गुपिते राखण्याची. नागरिकाच्या हक्कासही तोच शब्द लावला, की 'ज्याला लपवायचे नाही, त्याला गोपनीयता हवी कशाला?' हा प्रश्न आपोआपच उभा राहतो, आणि हक्क सांगणारा उगाच संशयित ठरतो!

हा केवळ शब्दच्छल नव्हे. 'आधार'च्या वादात, प्रायव्हसी हा मूलभूत हक्कच नव्हे, असे सरकारतर्फे सांगण्यात आले. 1954 व 1962 च्या निकालांचा त्यास आधार होता. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने ते म्हणणे फेटाळले, आणि हा हक्क घटनेच्या 21 व्या कलमातील जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य यांत अंगभूत असल्याचे सांगितले. मराठी वृत्तपत्रांनी त्या निकालाचे वृत्त देताना कोठे 'खासगीपणा' लिहिले, कोठे 'गोपनीयता'. यांपैकी पहिलाच शब्द अर्थास धरून आहे.