टीसी, कस्टमवाले आणि गुरुजी

झूल, थ्युरिंगेन (जर्मनी)

हिवाळ्यातल्या शनिवारी दुपारी झूलमध्ये कुणाकडे काम काढून जाऊ नये. दार उघडलं जातं, पण उघडणाऱ्याचं तोंड टीव्हीकडे असतं. आमच्या घरमालकीणबाई एरवी कचऱ्याच्या चार रंगांच्या डब्यांवरून मला अर्धा तास बौद्धिक देतात. त्या दिवशी मात्र मी भाड्याचं विचारायला गेले, तर त्यांनी हातानेच 'बस' म्हणून खुणावलं आणि पुन्हा पडद्याकडे वळल्या. पडद्यावर एक मुलगी बर्फात आडवी पडून बंदूक रोखत होती. बाईंनी श्वास रोखला होता. मुलीने नव्हता रोखला, कारण ती दोन-अडीच किलोमीटर जीव तोडून पळून आली होती.

जर्मन माणूस फुटबॉलवेडा, हे आपल्याकडे ठरून गेलेलं आहे. तो आहेच. पण नोव्हेंबर संपत आला की मार्चपर्यंत शनिवार-रविवार इथल्या सार्वजनिक वाहिन्या तासन्‌तास बर्फावरचे खेळ दाखवतात, आणि त्यातला लोकांचा लाडका म्हणजे बायथलॉन. किमान साडेतीन किलोंची रायफल पाठीला बांधून स्कीवर पळायचं, थांबून पन्नास मीटरवरची पाच लक्ष्यं उडवायची, पुन्हा पळायचं. आडवं पडून नेम धरायचा तेव्हा लक्ष्य 45 मिलिमीटरचं, उभ्याने धरायचा तेव्हा 115 मिलिमीटरचं. गोळी चुकली की दीडशे मीटरचा जादा फेरा, नाहीतर काही शर्यतींत मिनिटाचा दंड. भाईंदरकरांना सांगायचं तर धावत पूल ओलांडून, जिना उतरून, सुटत्या विरार लोकलच्या दारात लटकल्या लटकल्या सुईत दोरा ओवायचा. पाच वेळा.

या खेळातला आमच्या भागाचा माणूस म्हणजे फ्रांक उलरिश. जन्म 1958 चा, इथून जवळच्या ट्रुझेटालचा. तेव्हा हा पूर्व जर्मनी होता. वयाच्या अठराव्या वर्षी 1976 च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये रिलेचं कांस्य. त्या काळी मोठ्या बोअरच्या रायफलीने दीडशे मीटरवर नेम धरत. 1978 पासून खेळच बदलला आणि .22 ची छोटी रायफल, पन्नास मीटर अंतर आलं. अशा बदलात अनेक जुने खेळाडू मागे पडतात. उलरिश मात्र नव्या रायफलीवर जास्तच फुलले. 1980 मध्ये लेक प्लॅसिडला दहा किलोमीटरची स्प्रिंट ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली आणि पहिलं सुवर्ण त्यांनी घेतलं. त्याच ऑलिंपिकच्या वीस किलोमीटरमध्ये त्यांच्या तीन गोळ्या चुकल्या, म्हणजे तीन मिनिटं दंड, तरी सुवर्ण अवघ्या अकरा सेकंदांनी हुकलं. सोव्हिएत अल्याब्येवची एकही गोळी चुकली नव्हती. तिसरा आला उलरिश यांचा सहकारी एबरहार्ड र्योश. हे नाव लक्षात ठेवा.

चार वेळा विश्वचषक मालिका, नऊ जागतिक विजेतेपदं. आपल्याकडे एवढं झाल्यावर माणसाने काय करायचं असतं? शाल, श्रीफळ, चौकाला नाव, पेट्रोल पंप किंवा फ्लॅट, आणि मग दरवर्षी 15 ऑगस्टला कुणाच्या तरी शाळेत ध्वजारोहण. उलरिश रेंजवर परत गेले. हातात दुर्बीण घेऊन, दुसऱ्यांच्या चुकलेल्या गोळ्या बघत उभे राहिले. दोन्ही जर्मनी एक झाल्यावरही ते शिकवत राहिले आणि 1998 पासून 2010 पर्यंत पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. 2006 च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या बायथलॉनच्या पाच शर्यती झाल्या, त्यातली चार सुवर्णं त्यांच्या पोरांनी आणली: दोन मिखाएल ग्राइसने एकट्याने, एक स्वेन फिशरने आणि एक रिलेत. त्या रिलेतला एक गडी होता मिखाएल र्योश, एबरहार्डचा मुलगा. म्हणजे सव्वीस वर्षांपूर्वी शेजारच्या पायरीवर उभ्या असलेल्या मित्राच्या पोराला उलरिशनी सुवर्ण मिळवून दिलं. हे मी घरमालकीणबाईंना मोठ्या कौतुकाने सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "मग? पोरगा गावातल्या क्लबात जातो, बापाचा मित्र तिथे शिकवतो. दुसरं कोण शिकवणार?"

इथेच मला पहिल्यांदा हेवा वाटला. स्टेडियमचा किंवा पैशाचा नाही, त्या 'मग?'चा.

पैशाबद्दल आपल्या मनात जे आहे तेही दुरुस्त करून टाकते. माझा मामेभाऊ भाईंदर पूर्वेला राहतो. त्याचं म्हणणं, "ताई, तिकडे खेळाडूंना कंपन्या पोसतात, म्हणून पदकं येतात." कंपन्या टोप्यांवर नावं लावतात, हे खरं. पण इथल्या बर्फावरच्या बहुतेक खेळाडूंचा पगार सरकारी असतो. कुणी लष्करात, कुणी केंद्रीय पोलिसांत, कुणी चक्क कस्टममध्ये. 2010 मध्ये व्हँकूव्हरला दोन सुवर्णं जिंकणारी मागदालेना नॉयनर कस्टमच्या स्की संघाची. विमानतळावर आपली लोणच्याची बरणी उघडून बघणारे आणि ती, खातं एकच.

म्हणून 1 ऑगस्ट 2024 चा प्रसंग मला आवडला. पॅरिस ऑलिंपिकची नेमबाजी शाटोरूला चालली होती. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं, 451.4 गुण. मी घरात एकटी ओरडले. शांततेच्या वेळेत आवाज कसला, म्हणून बाई वर आल्या. मी त्यांना सांगितलं की आमच्या राज्याला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालंय, ते 1952 नंतर पहिल्यांदा, बहात्तर वर्षांनी. अंतर पन्नास मीटर आणि गोळी .22 ची म्हटल्यावर त्या लगेच आत येऊन बसल्या. अहो, ही तर त्यांच्याच घरची भाषा. दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं आहे कळल्यावर त्यांनी मान डोलावली. मग विचारलं, "हा काम काय करतो?" मी जरा ओशाळूनच म्हटलं, "मध्य रेल्वेत तिकीट तपासतो." त्यांना त्यात नवल काहीच वाटलं नाही. "चांगलंय," म्हणाल्या, "पेन्शन असेल."

आपण त्या दिवसांत 'टीसीने केली कमाल' असं म्हणून त्याचं नवल करत होतो. खेळाडूला सरकारी नोकरी म्हणजे आपल्याला गरिबीतून वर आल्याची गोष्ट वाटते, इथे ती व्यवस्था आहे. तेव्हा रेल्वेला नावं ठेवू नका. रेल्वे, पोलीस आणि लष्कर नसतं तर आपल्याकडे क्रिकेट सोडून खेळच उरला नसता. खाशाबा जाधवांनाही 1952 चं ते कांस्य हेलसिंकीहून आणल्यावर पोटापाण्याला पोलीस खातंच होतं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर.

पुढचा प्रश्न बाईंनी लगेच विचारला आणि तिथे मी अडखळले नाही, याचा अभिमान आहे: "शिकवलं कुणी?" दीपाली देशपांडे. स्वतः 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेली मराठी बाई. त्याच अथेन्समध्ये सुमा शिरूर दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत होत्या, अंजली भागवतही तिथेच होती. सुमाताईंनी त्याच वर्षी क्वालालंपूरला चारशेपैकी चारशे गुण मारले होते. पुढे पनवेलला लक्ष्य नावाचा क्लब काढून त्या शिकवू लागल्या, आणि त्यांच्याकडे शिकलेल्या अवनी लेखराने टोकियो आणि पॅरिस, दोन्ही पॅरालिंपिकची सुवर्णं आणली. म्हणजे उलरिशसारखी माणसं आपल्याकडे नाहीत, असं मुळीच नाही. पनवेल भाईंदरपासून किती लांब? घोडबंदर रोड मोकळा असेल तर दीड-दोन तास. (मोकळा असेल तर.)

पण माझ्या मामेभावाला विचारा, सुमा शिरूर कोण. त्याला अवनी माहीत आहे. स्वप्निलला तर तो 'आपला स्वप्निल' म्हणतो. दीपाली देशपांडेंना द्रोणाचार्य पुरस्कार जाहीर झाला तेव्हा मी त्याला बातमी पाठवली. उत्तर आलं, "मस्त. या कोण?" आणि हाच माणूस गुरुपौर्णिमेला सकाळी सातच्या आत मला हात जोडलेली चार चित्रं पाठवतो.

याचाच राग येतो. गुरू हा शब्द आपण इतका उंच टांगून ठेवलाय की त्याच्या खालून चालणाऱ्या प्रशिक्षकाकडे कुणाचं लक्ष जात नाही. आमच्या शाळेत पीटीचे सर होते. त्यांचा तास म्हणजे गणिताच्या बाईंचा हक्काचा जादा तास. सर व्हरांड्यात पेपर वाचत बसायचे, आणि निवडणूक आली की मतदारयाद्या करायला पाठवले जायचे. त्यांनी कधीकाळी कबड्डी राज्य पातळीवर खेळली होती, हे आम्हाला त्यांच्या निरोप समारंभात कळलं.

इथे उलरिशच्या कुणी पाया पडत नाही. बाई त्यांना 'आमचा फ्रांक' म्हणतात आणि तेवढ्याच हक्काने शिव्याही घालतात. व्हँकूव्हरला जर्मन पुरुषांना बायथलॉनमध्ये एकही पदक मिळालं नाही. त्याबद्दल त्या आजही तावातावाने बोलतात, जणू काल घडलं. प्रशिक्षकाला इथे देव्हारा नाही, हिशेब आहे.

हिशेब जुनाही निघतो. पूर्व जर्मनीत खेळाडूंना सरकारच उत्तेजकं देत होतं, हे आता कागदोपत्री सिद्ध आहे. 2009 मध्ये एका जुन्या सहकाऱ्याने उलरिश यांच्यावर आरोप केले की त्या काळातल्या निळ्या गोळ्यांबद्दल त्यांना माहीत होतं. उलरिशनी ते नाकारलं, स्की महासंघाने चौकशी केली, ते पदावर राहिले. हा विषय काढला की आमच्या बोलक्या बाई एकदम कपबश्या विसळायला उठतात. मला तो प्रश्न सुटलेला वाटत नाही. पण निदान तो विचारला गेला, वर्तमानपत्रांत छापून आला, आणि 'आमच्या सुवर्णपदकविजेत्याचा अपमान' म्हणून कुणी रास्ता रोको केला नाही.

जर्मनीची आरती ओवाळतेय असं वाटू नये म्हणून हेही सांगते. प्रशिक्षकांना इथेही पगार बेताचे, करार मुदतीचे. त्यामुळे चांगली माणसं बाहेर जातात. तुरिनच्या त्या रिलेतलाच रिको ग्रोस, चार ऑलिंपिक सुवर्णं रिलेची, पुढे रशियाच्या आणि मग ऑस्ट्रियाच्या संघाला शिकवत होता. आणि इथून जवळच्या ओबरहोफचं धुकं! विश्वचषकाच्या शर्यती बघायला आम्ही गेलो, तर हजारो लोक घंटा-भोंगे घेऊन पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून उभे. लक्ष्य दिसत नाही, खेळाडू दिसत नाही. निवेदक 'लागली' म्हणाला की सगळे ओरडतात. ब्राटवुर्स्ट सॉसेज मात्र दिसतो, आणि माझ्यासारख्या शाकाहारी बाईसाठी मोहरीची चटणी लावलेला नुसता पाव.

आता मामेभावाला सर्वांत जड गेलेली गोष्ट. 2021 च्या सार्वत्रिक निवडणुकीत आमच्या झूलच्या मतदारसंघात सोशल डेमोक्रॅट पक्षाने उलरिशना उभं केलं. समोर हान्स-गेओर्ग मासेन, देशाच्या अंतर्गत गुप्तचर खात्याचे 2012 ते 2018 पर्यंतचे प्रमुख. साऱ्या देशाचं लक्ष या एका जागेकडे. स्की शिकवणारा माणूस गुप्तहेरांच्या साहेबाला हरवून संसदेत गेला, आणि तिथे त्याला क्रीडा समितीचं अध्यक्षपद मिळालं.

मी हे फोनवर सांगितल्यावर पलीकडे शांतता. मग प्रश्नांची फैर: "पैसा कुणाचा होता? कुठल्या साहेबांचा माणूस? आणि ताई, आधी असोसिएशनवर होता का?" मी म्हटलं, नव्हता, रेंजवर होता. "म्हणजे उलटंच की!" तो म्हणाला. त्याचं बरोबर आहे. शरद पवार क्रिकेट मंडळाचे आणि मग आयसीसीचे अध्यक्ष झाले, प्रफुल्ल पटेल 2009 पासून 2022 पर्यंत फुटबॉल महासंघावर होते. पुढाऱ्याने खेळात यायचं, ही आपली वहिवाट. खेळातल्याने, त्यातही प्रशिक्षकाने, संसदेत जाऊन खेळाचे प्रश्न बघायचे, हे त्याला बेकायदा नसलं तरी बेशिस्त वाटलं. आपल्या भाईंदरजवळच्या उत्तनला केशवसृष्टीत लोकप्रतिनिधींना धडे देणारी प्रबोधिनी आहे. लोकप्रतिनिधी घडवायला वर्ग आहेत, मग दहा वर्षांच्या पोराला पळायला शिकवणाऱ्यालाही कुणीतरी शिकवायला हवं, हे आपल्याला का सुचू नये? जर्मनांनी प्रशिक्षकांसाठी कोलोनला 1974 मध्ये अकादमी काढली. क्लबातल्या अगदी खालच्या परवान्यालासुद्धा एकशेवीस तासिका लागतात. देशभरात सुमारे 86 हजार क्रीडा क्लब आहेत, ते चालतात या परवानेवाल्या सुतारांवर, नर्सबाईंवर, निवृत्त पोस्टमनांवर. मोबदला नावापुरता, 2021 मध्ये वर्षाला तीन हजार युरोंपर्यंत झालेली करमाफी, एवढंच कौतुक.

आमच्या गल्लीतल्या क्लबातही असाच एक सुतार आहे. खऱ्या .22 साठी वय चौदा लागतं, म्हणून लहानग्यांच्या हातात लेझरची रायफल. उन्हाळ्यात ती पोरं डांबरी रस्त्यावर चाकांच्या स्की लावून पळतात, आया केक विकून बसभाडं जमवतात. सुताराने परवा मला विचारलं, नुसती बघत उभी राहतेस तर स्टॉपवॉच धरशील का? मी हो म्हटलं आणि फसले. मुलांजवळ काम करायचं म्हणून चारित्र्याचा विस्तारित दाखला हवा, प्रथमोपचाराचा वर्ग हवा, क्लबच्या आचारसंहितेवर सही हवी. स्टॉपवॉच धरायला! मी वैतागून मामेभावाला फोन लावला.

"दाखलाच ना?" तो म्हणाला. "नगरसेवकाच्या लेटरहेडवर उद्या संध्याकाळपर्यंत देतो. शिक्का मारून. फक्त त्या क्लबचं स्पेलिंग पाठव."