पहिल्यांदा स्कूबा डायव्हिंगला जाताय? तिकीट काढण्याआधी हे वाचा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की भिगवणच्या माझ्या दवाखान्यात हल्ली एक नवा कागद येतो. पूर्वी लोक भरतीसाठी, जिमसाठी नाहीतर शाळेच्या सहलीसाठी सर्टिफिकेट मागायला यायचे. आता डायव्हिंगचा मेडिकल फॉर्म घेऊन येतात. कोणी तारकर्लीला निघालेलं असतं, कोणी अंदमानला, तर पुण्यात नोकरी करणारी मुलं आईवडिलांना घेऊन थेट मालदीवला. बहुतेकांचं म्हणणं एकच असतं, “डॉक्टर, काही नाही, फक्त सही पाहिजे.”

मागे असेच एक ४७ वर्षांचे गृहस्थ मुलीबरोबर आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मालदीवची तिकिटं काढून झाली होती. फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’वर खूण केलेली. पण त्यांची जुनी फाइल माझ्याच कपाटात होती. काही वर्षांपूर्वी त्यांना फुफ्फुसाचा टीबी झाला होता. “तो तर कधीच बरा झाला, म्हणून नाही लिहिलं,” ते म्हणाले. मी सही केली नाही. ते नाराज झाले, मुलगीही झाली. छातीचा सीटी स्कॅन केला, तेव्हा उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला पातळ भिंतीचा हवेचा फुगा दिसला. जमिनीवर या फुग्याने त्यांना कधी त्रास दिला नव्हता. पाण्याखाली मात्र तो फुटून जीव जाऊ शकला असता.

सहल रद्द झाली नाही. छातीच्या डॉक्टरांना विचारून ते गेले, मुलीने बुडी मारली आणि त्यांनी पाण्यावर तरंगत मासे पाहिले. तुमचीही सहल अशीच सुखरूप व्हावी, म्हणून हा लेख.

“पोहायला येतं, मग भीती कसली?”

उजनीच्या काठी वाढलेल्या माणसाला पाण्याची ओळख करून द्यावी लागत नाही. पण पोहणं वेगळं आणि स्कूबा वेगळं.

आपण श्वास रोखून बुडी मारतो, तेव्हा फुफ्फुसात वरचीच हवा असते. खाली जाताना ती दाबली जाते आणि वर आल्यावर होती तेवढी होते. स्कूबामध्ये आपण खाली असताना सिलिंडरमधून श्वास घेतो आणि ही हवा आजूबाजूच्या पाण्याइतक्याच दाबाची असते. वर येताना दाब कमी होतो आणि हीच हवा फुगते. स्कूबामधले बरेचसे धोके या एका गोष्टीतून येतात.

दाब किती वाढतो? दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट. तुलनेसाठी आंबोली घाट घ्या. सुमारे ७०० मीटर उतरून कोकणात येईपर्यंत कानाला दडे बसतात. तेवढाच फरक पाण्यात साधारण पाऊण मीटर खाली गेलं की पडतो. अख्खा घाट कमरेइतक्या पाण्यात!

कान: सगळ्यात जास्त त्रास इथेच

कानाच्या पडद्यामागची पोकळी एका बारीक नळीने घशाशी जोडलेली असते. खाली जाताना या नळीतून पोकळीत हवा गेली नाही, तर पडदा आत ओढला जातो. आधी दडा, मग दुखणं, मग रक्त साकळणं आणि शेवटी पडदा फाटणं.

उपाय सोपा आहे. नाक चिमटीत धरा, तोंड मिटा आणि हलकेच नाकातून हवा सोडल्यासारखं करा. कानात ‘टक्’ झालं की झालं. दुखायची वाट पाहू नका, पाण्यात शिरल्यापासूनच थोड्या थोड्या अंतरावर हे करत राहा. दुखलं तर थांबा, थोडं वर या, पुन्हा करा. जोर लावू नका, जोराने आतल्या कानाला इजा होते.

सर्दी असेल तर ही नळी सुजलेली असते. मी स्वतः एकदा तारकर्लीला सर्दी लपवून पाण्यात उतरलो होतो. पैसे भरलेले, मुलं बघतायत, मागे कसं सरायचं? पुढचे दहा दिवस मला डाव्या कानाने नीट ऐकू येत नव्हतं. चूक माझीच होती. सर्दी असेल तर बुडी नाही. नाकात थेंब टाकून ‘मोकळं’ होऊन जाणंही धोक्याचं आहे. थेंबांचा असर पाण्याखाली उतरला, तर वर येताना हवा अडकते.

फुफ्फुसं: श्वास कधीही रोखायचा नाही

प्रशिक्षक तुम्हाला दहा गोष्टी सांगतील. त्यातली ही एक विसरू नका: श्वास सतत चालू ठेवा. घाबरून श्वास रोखून वर आलात, तर फुफ्फुसातली हवा फुगते आणि नाजूक पिशव्या फाटतात. हवा छातीत साठते किंवा रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाते. यासाठी खूप खोल जावं लागत नाही. भरलेल्या फुफ्फुसांनी दीड मीटरभर वर येणंही पुरेसं ठरू शकतं. ‘आम्ही उथळच जाणार आहोत’ हे उत्तर इथे चालत नाही.

नायट्रोजन: सोड्याच्या बाटलीसारखं

दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळतो. सावकाश वर आलं तर तो श्वासावाटे निघून जातो. झपाट्याने आलं, तर सोड्याची बाटली खाडकन उघडल्यासारखे बुडबुडे होतात. म्हणून सावकाश वर येतात. खोल बुडीनंतर ५ मीटरवर ३ मिनिटं थांबण्याची पद्धतही याचसाठी आहे. पहिल्या उथळ बुडीत हा धोका फार कमी असतो. पण दिवसाला दोन-तीन बुड्या असा तीन-चार दिवसांचा बेत असेल, तर नायट्रोजन साठत जातो.

कोणी आधी डॉक्टरांकडे जावं?

खालील लोकांनी सहसा स्कूबा करू नये:
- ज्यांना फिट येतात
- ज्यांचं फुफ्फुस कधी आपोआप फुटलं आहे (न्यूमोथोरॅक्स)
- गरोदर महिला
- ज्यांच्या कानाच्या पडद्याला छिद्र आहे
- ज्यांना चालताना छातीत दुखतं किंवा धाप लागते

खालील लोकांनी तपासणी करून घ्यावी. यातल्या अनेकांना परवानगी मिळू शकते:
- दमा. व्यायामाने, थंडीने किंवा घाबरल्याने दमा उठत असेल तर नको. नियंत्रणात असेल तर फुंकून करायची तपासणी (स्पायरोमेट्री) करून ठरवतात. ‘लहानपणी होता’ हेही सांगा.
- टीबी किंवा मोठा न्यूमोनिया होऊन गेलेले. कोविडमध्ये ऑक्सिजन लागला होता, तेही. छातीचा फोटो लागेल, गरज पडल्यास सीटी स्कॅन.
- मधुमेह. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर पाण्याखाली साखर उतरू शकते. घाम आणि थरथर पाण्यात कळत नाहीत. बुडीआधी साखर १५० च्या वर आणि स्थिर हवी. स्वतःहून गोळी बंद करू नका.
- बीपी. नियंत्रणात असेल तर बहुतेकांना चालतं. गोळीचं नाव डॉक्टरांना दाखवा, कारण काही गोळ्यांनी दमसास कमी होतो.
- अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेले. हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही.
- ४५ च्या पुढचे आणि सोबत सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल किंवा घरात हृदयविकार.
- बंद जागेत जीव घाबरा होणारे. यात लाज नाही. पण पाण्याखाली हीच घबराट सर्वांत घातक ठरते.

घरच्या घरी एक अंदाज घ्या. प्रश्नावलीत विचारतात की १.६ किलोमीटर १४ मिनिटांत चालता येतं का, किंवा न थांबता २०० मीटर पोहता येतं का. एका सकाळी घड्याळ लावून चालून बघा. जमत नसेल तर आधी दोन-तीन महिने तब्येतीवर मेहनत घ्या, मालदीव कुठे जात नाही.

आणि तुमच्या डॉक्टरांना खरं सांगा. फॉर्मवर ‘हो’ लिहिलं म्हणजे सहल बुडाली असं नसतं. त्याचा अर्थ एवढाच, की कोणीतरी नीट बघायला हवं. मी डायव्हिंगमधला तज्ज्ञ नाही. शंका आली की मी कान-नाक-घसा, छाती किंवा हृदयाच्या तज्ज्ञांकडे पाठवतो. म्हणून तिकीट काढण्याआधी या, आदल्या दिवशी नको.

आधी तारकर्ली, मग मालदीव

पहिल्या बुडीसाठी परदेशी जायलाच हवं असं नाही. मालवण-तारकर्लीला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात हौशी लोकांसाठी प्रशिक्षकाबरोबरची बुडी असते. पर्यटन महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्रही तारकर्लीत आहे. पावसाळ्यात हे बंद असतं. ऑक्टोबर ते मे हा काळ धरा. कान कसे वागतात, जीव घाबरतो का, हे इथे थोड्या खर्चात कळतं.

‘एकदा बघू’ प्रकारच्या बुडीला पोहता यावंच लागतं असं नाही. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या नियमांत तिची मर्यादा १२ मीटर आणि वय किमान १० वर्षं असतं. पुढचा पहिला कोर्स साधारण तीन-चार दिवसांचा, १८ मीटरपर्यंतचा. त्याला पोहणं लागतं.

मालदीवचा आठवडा असा आखा:
- पहिला दिवस: फक्त पोहोचणं, पाणी पिणं, झोपणं. रात्रीच्या प्रवासानंतर सकाळी बुडी नको.
- दुसरा दिवस: कमरेइतक्या पाण्यात मास्क लावून श्वासाचा सराव, स्नॉर्कलिंग.
- तिसरा ते पाचवा दिवस: बुड्या. सकाळची बेटाजवळच्या शांत पाण्यातली बुडी निवडा. बेटांमधल्या खाड्यांत ओढ जोरात असते, ती नवशिक्यांसाठी नाही. कायद्याने तिथे हौशी डायव्हरची मर्यादा ३० मीटर आहे, तुमची त्याहून बरीच कमी.
- सहावा दिवस: कोरडा. किनारा, फोटो, खरेदी.
- सातवा दिवस: विमान.

सहावा दिवस कोरडा का? विमानाच्या केबिनमधला दाब सुमारे २४०० मीटर उंचीइतका असू शकतो, आणि कमी दाबात बुडबुडे होतात. एकच बुडी असेल तर किमान १२ तास, अनेक दिवस बुड्या असतील तर किमान १८ तास थांबायचं असतं. मी २४ तास सांगतो, हिशेब सोपा राहतो. एका बेटावरून दुसऱ्यावर जाणारं छोटं विमान किंवा सी-प्लेनही यात धरा. ही चूक पुष्कळ जण करतात.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट. मालवणहून भिगवणला परतताना घाट चढावाच लागतो. एका उथळ बुडीनंतर त्याने सहसा काही होत नाही. पण दोन-तीन दिवस खोल बुड्या मारल्या असतील, तर लगेच गाडी घाटाला लावू नका. एक रात्र मालवणला मुक्काम करा.

बुडीच्या आदल्या रात्री दारू नको. पाणी भरपूर प्या. बोट लागण्याच्या गोळीने झोप येते, म्हणून ती आधी घरी घेऊन बघा. प्रवास विमा काढताना ‘स्कूबा’ त्यात आहे का ते वाचा. अनेक पॉलिसींत ते वगळलेलं असतं.

बोट आणि माणसं बघून घ्या

२१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशी दरम्यान बोट उलटून सहा जण बुडाले. आपल्या भागात ही आठवण अजून ताजी आहे. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोघे गेले. डायव्हिंगच्या सहलीत धोका फक्त पाण्याखाली नसतो. म्हणून चार प्रश्न विचारा:
- बोटीवर प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का? असेल तर घाला, मांडीवर ठेवू नका.
- एका प्रशिक्षकामागे किती जण? पहिल्या बुडीला एकास एक उत्तम.
- बोटीवर ऑक्सिजनचा सिलिंडर आहे का?
- तब्येतीचे प्रश्न विचारले का? न विचारताच सही घेणाऱ्यांकडून परत फिरा.

बुडीनंतर ही लक्षणं दिसली तर

सांधे किंवा खांदा दुखणं, मुंग्या, हातापायांत अशक्तपणा, चक्कर, अंगावर डाग, लघवी अडणं, धाप, छातीत दुखणं, बोलताना अडखळणं. ही लक्षणं बहुधा काही तासांत, क्वचित दिवसभराने दिसतात. अशा वेळी आडवं झोपवा, ऑक्सिजन सुरू करा आणि ताबडतोब रुग्णालय गाठा. महाराष्ट्रात १०८ ला फोन करा. यावरचा खरा उपचार दाबाच्या कक्षात होतो. तो जवळ कुठे आहे, हे डायव्हिंग केंद्राला जाण्याआधीच विचारून ठेवा.

घरी परतल्यावर त्रास झाला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा: “मी दोन दिवसांपूर्वी स्कूबा केलं होतं.” आमच्याकडे खांदा दुखतो म्हणून येणाऱ्याला आम्ही मानेचा फोटो काढायला सांगतो. समुद्राचा विचार आमच्या डोक्यात आपसूक येत नाही.

शेवटी, पाण्यात उतरल्यावर मन कचरलं तर अंगठा वर करा. पाण्याखाली या खुणेचा अर्थ ‘छान’ नाही, ‘वर जायचंय’ असा आहे. भरलेले पैसे गेले तर जाऊ द्या. मुलांसमोर मागे सरायला मला जमलं नाही, तुम्हाला जमावं.