बाळगोपाळांसाठी भाजके फलाफल

इजिप्तमध्ये बाकल्याच्या दाण्यांपासून आणि लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन या प्रदेशांत काबुली चण्यांपासून होणारे फलाफल हे मूळचे तळणीतील खाद्य. वाटीतील वरण दूर लोटणारे दीड-दोन वर्षांचे मूल हातात धरता येईल असा पदार्थ मात्र आवडीने खाते. शाकाहारी घरातील बालकाच्या आहारात कडधान्य वाढवण्याचा हा एक सुलभ मार्ग आहे. १०० ग्रॅम कोरड्या काबुली चण्यांत सुमारे १९ ते २० ग्रॅम प्रथिने असतात. लिंबाच्या रसातील क जीवनसत्त्वामुळे त्यांतील लोह शरीरात अधिक चांगले शोषले जाते.

एक वाटी, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम चणे बारा तास भिजवावेत. ते शिजवू नयेत. शिजवलेल्या चण्यांचे मिश्रण ओलसर होते आणि वड्या फुटतात. भिजलेले चणे निथळून, फडक्यावर कोरडे करून, पाणी न घालता रव्यासारखे वाटावेत. अख्खा दाणा राहता कामा नये, कारण तो लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. त्यात अर्धी वाटी चिरलेली कोथिंबीर, प्रत्येकी एक चमचा जिरेपूड व धणेपूड, चमचाभर लिंबाचा रस, दोन मोठे चमचे बेसन, एक मोठा चमचा तेल आणि चिमूटभर मीठ घालावे. मूळ कृतीतील कांदा-लसणाची उणीव हिंग भरून काढतो.

मिश्रण अर्धा तास झाकून ठेवावे. मग त्याच्या सुमारे वीस चपट्या वड्या कराव्यात. गोल गोळे करू नयेत, कारण तेही घशात अडकण्याची भीती असते. वड्यांना तेलाचा हात लावून आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १९० अंश सेल्सिअसवर वीस ते पंचवीस मिनिटे भाजाव्यात. अर्ध्या वेळेनंतर उलटाव्यात. बाहेर काढल्यावर पाच मिनिटे फडक्याने झाकल्यास वाफेने वरचा पापुद्रा मऊ होतो.

वडी मोडून पाहावी. आत कच्चा वास राहिला असेल, तर आणखी काही मिनिटे भाजावी. तुकडा दोन बोटांत सहज कुस्करला गेला, तरच तो मुलाला द्यावा. मूल बसलेले असावे आणि जवळ मोठे माणूस असावे. तंतुमय पदार्थांनी इवलेसे पोट लवकर भरते. म्हणून एका वेळी दोन वड्या पुरेत.

सोबत दह्याची चटणी देण्याची पद्धत आहे. परंतु कच्चे दही आणि कडधान्य एकत्र न खाण्याचा द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरांत भाजलेल्या तिळाची पातळ चटणी करावी. काही मुलांना तिळाची ॲलर्जी असते. म्हणून तीळ प्रथमच देताना अगदी थोडे द्यावेत आणि मुलाकडे लक्ष ठेवावे.

वड्या सूर्यास्तापूर्वी ताज्या कराव्यात. उरलेल्या वड्या मोठ्यांच्या पोळीत गुंडाळल्या की त्यांचेही भोजन होते आणि घरात निराळा स्वयंपाक करावा लागत नाही.