महाग तेच चांगले? कॅन्सरच्या ऑपरेशनचा हिशेब तपासणारे सर्जन

कॅन्सर हे नाव घरात शिरले की पहिली भीती मरणाची असते आणि दुसरी पैशाची. आपल्या वस्त्यांमध्ये ही दुसरी भीती पुष्कळदा पहिलीपेक्षा मोठी ठरते. भिशीचे पैसे, घरातले दागिने, गावाकडचा जमिनीचा तुकडा, व्याजाने काढलेले कर्ज असे सगळे एका आजारात जाते. त्यातच नातेवाईक सांगतात, "पैशाकडे पाहू नका, मोठ्या दवाखान्यात न्या. खर्च जास्त तितका इलाज चांगला." दुसरीकडे काही जण खर्चाच्या धास्तीने दवाखान्याची पायरीच चढत नाहीत. हे दोन्ही समज आपल्या माणसांचा जीव घेतात. म्हणून या वेळी आरोग्य पानावर आम्ही अशा एका डॉक्टरांच्या कामाची ओळख करून देत आहोत, ज्यांनी ऑपरेशनचा खर्च आणि गुण हा प्रश्न आयुष्यभर तपासला.

डॉ. राजेंद्र बडवे हे स्तनाच्या कॅन्सरचे सर्जन. मुंबईच्या परळमधील टाटा मेमोरियल हे १९४१ साली सुरू झालेले रुग्णालय आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. देशभरातले गोरगरीब रुग्ण तिथे येतात. त्या संस्थेचे संचालकपद डॉ. बडवे यांनी अनेक वर्षे, २०२३ पर्यंत सांभाळले. २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यांची खरी कमाई म्हणजे त्यांनी विचारलेले साधे प्रश्न.

तरुणपणी ते लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये काम करत होते. तिथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळी सुरू असलेल्या वयाच्या २४९ स्त्रियांच्या जुन्या नोंदी तपासल्या. पाळीच्या चक्रातील कोणत्या दिवसांत ऑपरेशन झाले यावर पुढचे आयुष्य अवलंबून असावे, असे त्या नोंदींवरून दिसले. १९९१ मध्ये हा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. इतर ठिकाणच्या सर्व अभ्यासांत तसेच दिसले नाही. तरी एक मोठा प्रश्न उभा राहिला : सर्जनचा हात गाठीला लागतो त्या घडीला शरीरात काय चालू असते, आणि त्याच घडीला एखाद्या स्वस्त औषधाने फरक पडेल का?

मुंबईत आल्यावर त्यांनी सुमारे हजार स्त्रियांवर याचा अभ्यास केला. निम्म्या जणींना ऑपरेशनच्या काही दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचे एक इंजेक्शन दिले. २०११ मध्ये निष्कर्ष छापला गेला. सगळ्या स्त्रिया मिळून पाहिल्या तर ठळक फायदा दिसला नाही. ज्यांच्या काखेतील गाठींपर्यंत कॅन्सर पोचला होता, त्यांच्यात मात्र फायदा दिसला. आपलीच कल्पना पूर्णपणे सिद्ध झाली नाही, हेही या अभ्यासात जसेच्या तसे मांडलेले आहे.

अशा अभ्यासात कोणाला औषध द्यायचे आणि कोणाला नाही, हे डॉक्टर स्वतः ठरवत नाहीत. चिठ्ठी टाकल्यासारखे ते ठरते. तिथे आडनाव, ओळख, पैसा काही चालत नाही. मग वर्षानुवर्षे दोन्ही गटांचा हिशेब ठेवतात. तथागतांनी कालामांना हेच शिकवले होते : कोणी थोर सांगतो म्हणून मानू नका, चालत आले म्हणून मानू नका, स्वतः तपासा आणि हिताचे ठरले तर स्वीकारा.

पुढचा अभ्यास आणखी साधा होता. दात काढताना हिरडीला बधिर करायला जे औषध टोचतात, ते लिग्नोकेन. ते प्रत्येक दवाखान्यात असते आणि अगदी स्वस्त मिळते. २०११ ते २०२२ या काळात देशातील ११ कॅन्सर केंद्रांत १६०० स्त्रियांचा अभ्यास झाला. अर्ध्या जणींच्या गाठीच्या भोवती ऑपरेशनच्या ७ ते १० मिनिटे आधी हे औषध टोचले. बाकी ऑपरेशन आणि पुढचे उपचार सर्वांना नेहमीचेच होते. पाच वर्षांनंतर औषध न दिलेल्या गटात १०० पैकी सुमारे ८६ स्त्रिया हयात होत्या, तर औषध दिलेल्या गटात सुमारे ९०. दर शंभरात चार जीव, तेही दातांच्या डॉक्टरकडे मिळणाऱ्या औषधाने! अर्थात इतर देशांतही हे पडताळून पाहावे, असे काही तज्ज्ञांचे म्हणणे आहे. इथे एक इशारा द्यायलाच हवा. हे इंजेक्शन ऑपरेशनच्या जोडीला आहे, ऑपरेशनच्या ऐवजी नाही. नुसत्या इंजेक्शनने गाठ बरी करतो असे कोणी म्हणाले तर त्याच्या दारात थांबू नका.

कोणते ऑपरेशन करू नये, हे कळणे हाही चांगल्या उपचाराचा भाग आहे. कॅन्सर आधीच हाडात, फुप्फुसात किंवा यकृतात पसरला असेल तर स्तनातील गाठ काढून आयुष्य वाढते का? टाटामध्ये अशा ३५० स्त्रियांचा अभ्यास झाला. केमोचा गुण आलेल्या या स्त्रियांपैकी अर्ध्या जणींचे ऑपरेशन केले, अर्ध्या जणींचे केले नाही. २०१५ मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार दोन्ही गटांच्या आयुष्यात फरक पडला नाही. जखम चिघळली, रक्त येऊ लागले तर ऑपरेशन करावे लागते, ती गोष्ट वेगळी. पण आयुष्य वाढेल या आशेने कर्ज काढणाऱ्या कुटुंबासाठी हा निष्कर्ष लाखमोलाचा आहे.

आता आपल्या वस्तीचा या संशोधनाशी थेट संबंध पाहा. १९९८ पासून टाटाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून जास्त स्त्रियांचा अभ्यास केला. डॉ. इंद्रनील मित्रा त्यात पुढे होते, डॉ. बडवेही सहभागी होते. एका गटातील स्त्रियांची दर दोन वर्षांनी तपासणी झाली. ती डॉक्टरांनी केली नाही, यंत्रानेही केली नाही. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी हाताने स्तन तपासले. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये जाहीर झाला. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत असा फरक दिसला नाही. याच अभ्यासात व्हिनेगर लावून गर्भाशयाच्या मुखाची तपासणीही केली गेली आणि त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

दुसऱ्या गटातील स्त्रियांना आरोग्याची माहिती दिली गेली, पण तपासणी मिळाली नाही. त्यांना सगळे नीट समजावून सांगून संमती घेतली होती का, यावर पुढे टीका झाली. ती टीका आपण विसरू नये. जे ज्ञान मिळाले ते वस्तीतल्या मायबहिणींच्या शरीरातून मिळाले आहे. म्हणून त्याचा फायदा आधी वस्तीला मिळाला पाहिजे, हा आपला हक्क आहे, कोणाचे उपकार नाहीत.

मग आपण काय करायचे?

स्तनात गाठ लागली, बोंडातून रक्त आले, कातडी ओढल्यासारखी दिसली, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. अंगावरून वेळीअवेळी रक्त जात असेल तरी दाखवा. ऑपरेशन सुचवले तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : यामुळे आयुष्य वाढेल की त्रास कमी होईल? हे न केल्यास काय होईल? याहून कमी खर्चाचा, तितकाच गुणाचा उपाय आहे का? विचारण्यात उद्धटपणा नाही.

रेशनकार्ड आणि आधार जपून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन यांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, कर्ज काढण्याआधी त्याला भेटा. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. तिथे उत्पन्नाचा दाखला लागतो.

प्रत्येक विहारातील महिला मंडळाने वर्षातून एक दिवस तपासणीसाठी ठेवावा, अशी आमची विनंती आहे. जवळच्या सरकारी दवाखान्याला पत्र द्या, आशाताईंना बोलवा, पन्नाशीपुढच्या आयाबायांना हाताला धरून आणा. गाठ लवकर सापडली तर इलाज सोपा होतो, खर्चही आवाक्यात राहतो.

जयभीम! नमो बुद्धाय!