थर्टीफर्स्टला बंद पडलेलं मेल

३१ डिसेंबरला तारकर्लीत आयत्या वेळी खोली मागणाऱ्याला कुणी दारात उभं करत नाही. २०२४ साली नेमक्या याच दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या जुन्या ‘मेल’ ॲपचा आधार काढला. त्यातून मेल जाणं-येणं थांबलं आणि त्याच्या जागी ‘नवं आउटलुक’ आलं. ज्या निवास-न्याहारीवाल्यांची चौकशी-बुकिंगं त्या ॲपवर चालत, त्यांच्या तोंडी पहिला प्रश्न आला, “जुनी मेलां खंय गेली?”

बहुतेकांची कुठेच गेली नाहीत. जीमेलसारख्या खात्यातले मेल कंपनीच्या सर्व्हरवर असतात, ॲप ही फक्त खिडकी. ब्राउझरमध्ये जीमेल उघडलं की मुंबईच्या पाहुण्याने दोन वर्षांपूर्वी पाठवलेला मेलही दिसतो. अपवाद पीओपी पद्धतीने जोडलेल्या खात्यांचा. तिथे मेल संगणकावर उतरतो आणि सर्व्हरवरून पुसलेला असू शकतो. अशांनी जुना लॅपटॉप फॉरमॅट करायला देण्याआधी थांबावं.

“चौकशीच येत नाही हल्ली,” ही तक्रार सीझनात ऐकली तर आधी नव्या आउटलुकमधल्या इनबॉक्सच्या माथ्यावर बघा. तिथे ‘फोकस्ड’ आणि ‘अदर’ असे दोन कप्पे असतात. कोणता मेल महत्त्वाचा हे ॲप आपल्या अंदाजाने ठरवतं, आणि अनोळखी पत्त्यावरून आलेली ‘दोन खोल्या, चार माणसं, जेवणासकट किती?’ अशी चौकशी ‘अदर’मध्ये पडू शकते. ती स्पॅममध्ये गेलेली नसते, त्यामुळे स्पॅम धुंडाळूनही सापडत नाही. सेटिंग्जमध्ये ‘मेल’, मग ‘लेआउट’मध्ये जाऊन ही वर्गवारी बंद करता येते. धंद्यासाठी मेल वापरणाऱ्याने ती बंदच ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

नव्या आउटलुकला पैसे पडतात, हेही खरं नाही. ते फुकट आहे, पण फुकट खात्याला जाहिराती दिसतात, त्याही मेलच्याच रांगेत.

सगळ्यात मोठा गैरसमज मात्र उलट्या बाजूचा आहे: बदललंय ते फक्त रंगरूप. नव्या आउटलुकला जीमेल जोडताना एक परवानगीची चौकट येते आणि आपण न वाचता ‘कंटिन्यू’ दाबतो. त्या होकाराने तुमचे मेल, कॅलेंडर आणि संपर्क यांची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर जाते. २०२३च्या नोव्हेंबरात जर्मनीतल्या ‘हाइझे’ या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने यावर बोट ठेवलं, तेव्हा बराच गवगवा झाला. ही चोरी नव्हे, प्रत घेत असल्याचं कंपनी सांगते. पण आपल्याकडे पाहुणे आधारकार्डाचे फोटो मेलने पाठवतात, त्यांची प्रत आणखी एका ठिकाणी हवी का, हे ठरवूनच बटण दाबावं. नको असेल तर ‘थंडरबर्ड’ हे दुसरं मेल ॲप आहे. तेही फुकट, आणि ते मधे कुणाचा क्लाउड न घेता थेट जीमेलशी बोलतं.

अर्थात, २०२३च्या जुलैत आलेल्या ११५व्या आवृत्तीत थंडरबर्डनेही कात टाकली. मेनूची पट्टी दिसली नाही तर ‘ऑल्ट’ दाबा. एकेक मेल खेळातल्या पत्त्यासारखा जाडजूड दिसत असेल, तर यादीच्या वरच्या बटणातून ‘टेबल व्ह्यू’ निवडा, जुन्या ओळी परत येतात. आउटलुकमध्ये मेल दाटीवाटीने हवे असतील तर ‘व्ह्यू’खाली ‘डेन्सिटी’ बघा. चष्मेवाल्यांनी अक्षरही तेवढ्यात मोठं करून घ्यावं.